ब्राउझरमधलं एक बटण बंद केलं की अर्धं इंटरनेट गप्प होतं! जावास्क्रिप्ट चालू-बंद करण्यामागची पूर्ण गोष्ट

फॅमिली ग्रुपवर एक लिंक येते. "मोफत रिचार्ज, फक्त आजच." कुणीतरी उत्सुकतेने ती उघडतं आणि स्क्रीन लालभडक होते. "तुमच्या फोनमध्ये १७ व्हायरस सापडले आहेत." खाली सेकंद उलटे मोजणारं घड्याळ. बॅकचं बटण दाबावं तर पुन्हा तेच पान. एक खिडकी बंद करावी तर दुसरी हजर. घरातल्या मोठ्या माणसांचा हात अशा वेळी थरथरतो आणि समोर दिसेल ते बटण दाबलं जातं. फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

आता गंमत बघा. हे लाल पान, ते उलटं घड्याळ, बॅकला न जुमानणारा तो हट्ट, हे सगळं एकाच गोष्टीच्या जोरावर चालतं. तिचं नाव जावास्क्रिप्ट. आणि ही गोष्ट बंद करायचं बटण तुमच्या फोनमध्ये आत्ता, या क्षणी आहे. ते कुठे आहे, ते दाबलं की काय होतं, आणि सरसकट सगळ्यांनी ते का दाबू नये, हे समजून घेऊया.

स्क्रिप्ट म्हणजे नक्की काय?

कुठलंही वेबपेज साधारण तीन गोष्टींनी बनतं. पहिली एचटीएमएल, म्हणजे मजकूर आणि त्याची मांडणी. दुसरी सीएसएस, म्हणजे रंगरूप. या दोन्ही गोष्टी छापील कागदासारख्या असतात. जे आहे ते दाखवायचं, बस.

तिसरी गोष्ट म्हणजे स्क्रिप्ट. पान उघडताना वेबसाइट तुमच्या ब्राउझरला सूचनांची एक यादी पाठवते. "वाचक खाली आला की पुढच्या पोस्ट आण." "लाइकवर बोट पडलं की बदाम लाल कर." "पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा लहान असेल तर अडव." या सूचना ज्या भाषेत लिहिलेल्या असतात ती भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. जगातल्या जवळपास सगळ्याच वेबसाइट आज ती वापरतात.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या सूचना वेबसाइटच्या सर्व्हरवर नाही, तुमच्या फोनवर चालतात. तुमचा प्रोसेसर, तुमची बॅटरी, तुमचा डेटा. म्हणजे प्रत्येक लिंक उघडताना तुम्ही एका अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्या फोनवर चालवत असता. ब्राउझर त्याला कुंपण घालून ठेवतो, हे खरं. तुमची गॅलरी किंवा कॅमेरा तो परवानगीशिवाय उघडू शकत नाही. पण कुंपणाच्या आत त्याला बरीच मोकळीक असते.

दहा दिवसांत जन्मलेली भाषा

१९९५ साली नेटस्केप हा जगातला सगळ्यात गाजलेला ब्राउझर होता. त्या वेळची वेबपेजेस अगदी मुकी होती. फॉर्ममध्ये चूक झाली तरी तो सर्व्हरकडे जाऊन परत येईपर्यंत कळायचं नाही, आणि तेव्हाच्या टेलिफोन लाइनवरच्या इंटरनेटला तेवढ्यालाही वेळ लागायचा.

नेटस्केपमध्ये नव्याने आलेल्या ब्रेंडन आईक या प्रोग्रॅमरवर काम सोपवण्यात आलं की ब्राउझरच्या आत चालेल अशी छोटी भाषा बनव. त्याने मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला नमुना तयार केला. आधी नाव होतं मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबर १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट. तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्सची जावा ही भाषा फार चर्चेत होती, आणि त्या नावाचा फायदा मिळावा म्हणून हे नाव ठेवलं. प्रत्यक्षात जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत.

पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आपली आवृत्ती आणली, १९९७ मध्ये भाषेचं अधिकृत प्रमाण ठरलं, आणि मग तिने मागे वळून पाहिलं नाही. पण अनोळखी माणसाचा कोड आपल्या कम्प्युटरवर चालवायचा तर तो नाकारायची सोय हवी, हा विचारही जुनाच. म्हणून वर्षानुवर्षं ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक साधा चौकोन असायचा. टिक केली की जावास्क्रिप्ट चालू, काढली की बंद.

वीस तासांत दहा लाख "मित्र"

हा चौकोन का महत्त्वाचा होता, हे समजायला सोशल मीडियाचाच एक किस्सा पुरेसा आहे.

ऑक्टोबर २००५. फेसबुक तेव्हा बाळसं धरत होतं, हवा होती मायस्पेसची. सॅमी कामकार नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने आपल्या प्रोफाइलमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लपवली. मायस्पेस प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट टाकू देत नसे, पण त्याने "जावास्क्रिप्ट" या शब्दाचे दोन ओळींत दोन तुकडे केले. मायस्पेसच्या गाळणीला तो शब्द ओळखता आला नाही, काही ब्राउझरना मात्र आला.

मग काय झालं? सॅमीचं प्रोफाइल जो कुणी उघडेल, त्याच्या खात्यातून आपोआप सॅमीला फ्रेंड रिक्वेस्ट जायची. त्याच्या प्रोफाइलवर "सॅमी माझा हिरो" अशा अर्थाची ओळ चिकटायची आणि ती स्क्रिप्टही तिथे उतरायची. आता त्या दुसऱ्याचं प्रोफाइल जो उघडेल, त्याचंही तेच. सुमारे वीस तासांत दहा लाखांहून जास्त खाती या साखळीत आली. मायस्पेसला साइट तात्पुरती बंद ठेवावी लागली.

सॅमीने कुणाचे पैसे घेतले नाहीत, पासवर्डही चोरले नाहीत. तरी त्याला गुन्हा कबूल करावा लागला आणि तीन वर्षांची प्रोबेशन भोगावी लागली. पुढे तो सुरक्षा संशोधक म्हणून नावारूपाला आला. पण त्या दिवशी ज्यांच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद होती, त्यांच्या खात्याला ही स्क्रिप्ट हातही लावू शकली नाही.

त्यानंतरची आणखी दोन उदाहरणं

सप्टेंबर २०१७ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा सुरू झाली. तिची स्क्रिप्ट एखाद्या वेबसाइटवर लावली की ती साइट बघणाऱ्याच्या कम्प्युटरवर गुपचूप मोनेरो या आभासी चलनाचं "मायनिंग" व्हायचं. पंखा गरगरतोय, बॅटरी उतरतेय, आणि कमाई दुसऱ्याची. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर एक वेगळाच प्रकार झाला. वाचायला अडचण असलेल्यांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ब्राउझअलाउड या साधनात कुणीतरी ही स्क्रिप्ट घुसवली. ते साधन वापरणाऱ्या चार हजारांहून जास्त साइटवर, त्यात ब्रिटनमधल्या सरकारी साइटही आल्या, एकाच वेळी मायनिंग सुरू झालं. कॉइनहाइव्ह मार्च २०१९ मध्ये बंद पडली.

दुसरं उदाहरण ब्रिटिश एअरवेजचं. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१८ मध्ये चोरांनी तिच्या वेबसाइटवर अवघ्या २२ ओळींची स्क्रिप्ट पेरली. ग्राहक कार्डाची माहिती भरायचा, तिकीट नीट बुक व्हायचं, आणि तीच माहिती चोरांकडेही जायची. चार लाखांहून जास्त लोकांची माहिती धोक्यात आली आणि २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड झाला.

या दोन्ही घटनांमध्ये एक धागा समान आहे. वाचक कुठल्या आडवाटेच्या साइटवर गेला नव्हता. साइट खरी होती, ओळखीची होती. तिच्या पोटात शिरलेली स्क्रिप्ट मात्र परकी होती.

मग हे बटण लपवलं का?

इतका धोका असेल तर बटण ठळक असायला हवं होतं. झालं उलटं. ऑगस्ट २०१३ मध्ये आलेल्या फायरफॉक्सच्या २३ व्या आवृत्तीतून जावास्क्रिप्टचा तो चौकोन काढून टाकला गेला. ज्यांनी आधी टिक काढली होती, त्यांचीही जावास्क्रिप्ट पुन्हा चालू झाली.

कारण वाईट नव्हतं. कुणीतरी चुकून ती टिक काढायचं आणि मग निम्म्या साइट चालेनात म्हणून ब्राउझरलाच दोष द्यायचं. एका क्लिकमध्ये ब्राउझर निकामी वाटेल असा पर्याय सामान्य माणसासमोर ठेवू नये, असं फायरफॉक्सच्या डिझायनरांचं म्हणणं होतं. ज्याला खरंच हवं आहे तो आतल्या सेटिंगमध्ये जाऊन शोधेल.

हे बटण वापरणारे होते तरी किती? ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागाने २०१३ मध्ये आपल्या साइटवर मोजून पाहिलं. १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोहोचत नव्हती. पण त्यातले फक्त ०.२ टक्के असे होते, ज्यांनी ती बंद केली होती किंवा ज्यांच्या ब्राउझरला ती चालतच नव्हती. उरलेल्या ०.९ टक्के लोकांकडे ती चालायला हवी होती, पण चालली नाही. नेटवर्क मध्येच तुटणं, कंपनीच्या फायरवॉलने अडवणं अशी त्याची कारणं असू शकतात. थोडक्यात, बटण दाबणारे फार थोडे होते, पण स्क्रिप्टवाचून अडणारे त्यापेक्षा बरेच जास्त.

बंद कशी करायची?

अँड्रॉइडवर क्रोम: वरच्या तीन ठिपक्यांवर जा, सेटिंग्ज उघडा, त्यात साइट सेटिंग्ज, आणि त्यात जावास्क्रिप्ट. समोरचं बटण बंद करा. तिथेच एखाद्या साइटला अपवाद म्हणून जोडायची सोयही आहे.

कम्प्युटरवर क्रोम: सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग जावास्क्रिप्ट. इथे दोन याद्या करता येतात. एक, परवानगी असलेल्या साइटची. दुसरी, परवानगी नसलेल्यांची.

कम्प्युटरवर एज: सेटिंग्जच्या शोधपट्टीत जावास्क्रिप्ट असा शब्द इंग्रजीत टाका, पर्याय समोर येईल.

आयफोनवर सफारी: फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारी, अगदी खाली ॲडव्हान्स्ड, आणि त्यात जावास्क्रिप्ट. नव्या आयओएसमध्ये सफारी शोधायला आधी ॲप्स या विभागात जावं लागतं.

कम्प्युटरवर फायरफॉक्स: ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट, कोलन, कॉन्फिग असं जागा न सोडता लिहा. इशारा येईल, तो स्वीकारा. मग जावास्क्रिप्ट डॉट एनेबल्ड हे इंग्रजीत शोधा आणि ट्रूचं फॉल्स करा. त्या पानावरच्या बाकी कुठल्याही गोष्टीला हात लावू नका.

बदल केल्यावर आधीपासून उघडलेलं पान रिफ्रेश करायला विसरू नका. चालू करायची वाट हीच, फक्त उलटी.

बंद केल्यावर काय दिसतं?

बातम्यांच्या बऱ्याच साइट अचानक झटपट उघडतात. उड्या मारणाऱ्या जाहिराती गायब होतात, आपोआप वाजणारे व्हिडिओ थांबतात, "नोटिफिकेशन हवंय का?" हा प्रश्न येत नाही. कॉपी करू न देणारी साइट निमूटपणे कॉपी करू देते. जुन्या, स्वस्त फोनवर हा फरक जास्त जाणवतो. कारण स्क्रिप्ट नुसती डाउनलोड होऊन भागत नाही, फोनला ती वाचून, समजून, चालवावी लागते. तेवढ्याच आकाराच्या फोटोपेक्षा स्क्रिप्टचं ओझं प्रोसेसरवर जास्त पडतं.

पण दुसरी बाजू लगेच कळते. यूट्यूबवर व्हिडिओ नाही. व्हॉट्सॲप वेब कोरं. नकाशे नाहीत, ऑनलाइन पेमेंट बहुतेक ठिकाणी अडतं. काही साइटवर पांढरी पाटी आणि "कृपया जावास्क्रिप्ट चालू करा" एवढी एक ओळ दिसते.

आणि ही यादी वाढतेच आहे. ट्विटरची जावास्क्रिप्टशिवाय चालणारी जुनी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. जीमेलचं साधं एचटीएमएल रूप २०२४ च्या सुरुवातीला गेलं. जानेवारी २०२५ पासून गुगल सर्चलाही जावास्क्रिप्ट लागते. आधी स्क्रिप्ट ही पानावरची सजावट होती. आता बऱ्याच ठिकाणी पान म्हणजेच स्क्रिप्ट असतं.

सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी हे नक्की वाचा

क्रोममध्ये जावास्क्रिप्ट बंद केली, म्हणजे इन्स्टाग्रामवरून उघडलेल्या लिंकलाही ते लागू झालं, असं अनेकांना वाटेल. ते बरोबर नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की ती बऱ्याचदा ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्येच उघडते. तुमची क्रोम किंवा सफारीची सेटिंग तिथे चालत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझ या संशोधकाने दाखवून दिलं की आयफोनवर फेसबुक आणि इन्स्टाग्राम या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या साइटवर आपली स्वतःची जावास्क्रिप्ट घालतात. मेटा कंपनीचं म्हणणं असं होतं की वापरकर्त्यांनी ट्रॅकिंगबद्दल दिलेला होकार-नकार पाळण्यासाठीच ती स्क्रिप्ट आहे. खरं-खोटं काहीही असो, पासवर्ड किंवा कार्डाची माहिती भरायची असेल तर तीन ठिपक्यांवर जाऊन "बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा" हा पर्याय निवडणं केव्हाही चांगलं.

दुसरी गोष्ट. "तुमचं प्रोफाइल कुणी पाहिलं ते जाणून घ्या, हा कोड इथे पेस्ट करा" अशी युक्ती सांगणाऱ्या पोस्ट येतात. कम्प्युटरवर एफ१२ दाबल्यावर जी खिडकी उघडते, तिच्यात तो कोड टाकायला सांगतात. तो कोड म्हणजे जावास्क्रिप्टच असते आणि ती तुमच्या लॉगिन असलेल्या खात्यात तुमच्याच हाताने चालते. म्हणूनच फेसबुकवर ती खिडकी उघडली की मोठ्या अक्षरांत "थांबा" असा इशारा दिसतो.

हे बटण काय वाचवत नाही?

इथे गैरसमज नको. खोट्या बँकेच्या पानावर तुम्ही स्वतःच नाव, पासवर्ड आणि ओटीपी भरला, तर जावास्क्रिप्ट बंद असूनही ती माहिती जाते. साध्या फॉर्मला स्क्रिप्टची गरज नसते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल इन्स्टॉल केली, तर ते ॲप झालं. ब्राउझरच्या सेटिंगचा त्याच्याशी संबंध उरत नाही. ज्या साइटला आधीच नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे, ती वेगळी काढून घ्यावी लागते.

आणि ब्रिटिश एअरवेजसारख्या प्रकरणात स्क्रिप्ट बंद ठेवून तिकीटच काढता आलं नसतं. तिथे जबाबदारी कंपनीचीच होती, आणि दंडही तिलाच झाला.

मग करायचं काय?

सगळं बंद आणि सगळं चालू यांच्या मध्ये बरीच जागा आहे. सामान्य माणसासाठी तीच कामाची.

एक म्हणजे, मुख्य बटण चालू ठेवून त्रासदायक साइट तेवढ्या "परवानगी नाही" या यादीत टाकायच्या. जाहिरातींनी भरलेल्या दोन-चार साइट रोज वाचत असाल तर एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

दुसरी वाट, दोन ब्राउझर ठेवायचे. बँक, तिकीट, सरकारी कामं यांसाठी एक, जावास्क्रिप्ट चालू असलेला. ग्रुपवर आलेल्या अनोळखी लिंक उघडायला दुसरा, जावास्क्रिप्ट बंद असलेला. हा दुसरा डिफॉल्ट करून ठेवला की व्हॉट्सॲपवरची लिंक साधारणपणे आधी तिथेच उघडते. पान कामाचं वाटलं तर मग पहिल्यात न्यायचं. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर ही व्यवस्था करून दिली तर सुरुवातीच्या त्या लाल पानाची बरीचशी नाटकं तिथेच थांबतील. मात्र "काही साइट कोऱ्या दिसतील, घाबरू नका" हे आधी सांगायला हवं.

तिसरी वाट थोड्या हौशी मंडळींसाठी. फायरफॉक्समध्ये नोस्क्रिप्ट हे एक्स्टेन्शन २००५ पासून आहे. कुठल्या साइटची स्क्रिप्ट चालू द्यायची आणि कुठली नाही, हे त्यात एकेक करून ठरवता येतं. ज्यांच्यासाठी गोपनीयता हा जिवाचा प्रश्न असतो, अशा पत्रकारांमध्ये आणि कार्यकर्त्यांमध्ये वापरला जाणारा टॉर ब्राउझर सगळ्यात कडक सुरक्षा निवडल्यावर जावास्क्रिप्ट पूर्णच बंद करतो.

आणि ते लाल पान समोर आलंच तर? कुठलंही बटण न दाबता ब्राउझर पूर्ण बंद करा. वेबपेजला तुमच्या फोनमधले व्हायरस मोजता येत नाहीत. तो १७ चा आकडा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आधीच टाइप करून ठेवलेला असतो.

जाता जाता एक गोष्ट. दहा दिवसांत जावास्क्रिप्ट बनवणाऱ्या ब्रेंडन आईकने २०१५ मध्ये एक नवी ब्राउझर कंपनी सुरू केली. त्या ब्राउझरचं नाव ब्रेव्ह. त्यात प्रत्येक साइटसाठी स्क्रिप्ट अडवायचं बटण ॲड्रेस बारला लागून उघडणाऱ्या पॅनेलमध्ये दिलेलं आहे. ज्याने हे यंत्र बनवलं, त्याच्याच दुकानात त्याचा स्विचही मिळतो.